खुंट्यावरची दुसरी मूठ

फुलाबाईचं जातं दोघींचं. दगडच एवढा दांडगा, की दोघी समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरला तरच फिरायचा. आणि पंच्याहत्तरीची ही काटकुळी म्हातारी तो एका हातानं गरागरा फिरवायची, वर ओव्या म्हणायची! अख्खं गुंजवणं गाव तोंडात बोटं घालायचं. मुलगा कुमार म्हणायचा, "आये, गिरणी हाय की." पण रोज सकाळी पसाभर नाचणी घेऊन ती बसायचीच. समोरच्या जागी मात्र कुणाला बसू द्यायची नाही. एकदा सून हौसेनं बसली, तर पहिल्याच फेऱ्याला बोट असं चेंगरलं की नखच गेलं. मग कुणाची छातीच झाली नाही.

फुलाबाईला कारण ठाऊक होतं. खुंट्यावर तिच्या मुठीखाली दुसरी मूठ असायची. दिसायची नाही, पण लाकूड तेवढ्या जागी कोमट लागायचं. ती मूठ तिच्या धाकट्या जावेची, अंबूबाईची. आणि अंबूबाईला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

ओव्या गावाबाहेर गेल्या त्या नातीमुळं. नूतननं आजीचं दळण मोबाईलवर टिपलं, ते भोरच्या कोर्टात टायपिस्ट असलेल्या वैदेहीबाईंच्या कानावर पडलं, आणि बाई वेडीच झाली. दर रविवारी एसटीनं यायची, एकेक ओवी वहीत उतरवायची, ऐकता ऐकता डोळे पुसायची. "आजी, ह्या कुणी रचल्या हो?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. फुलाबाई म्हणाली होती, "म्याच. दुसरं कोन रचनार?" आता भोरला सत्कार ठरला होता. पत्रिकेवर 'ओवीकार फुलाबाई' असं ठळक छापलं होतं. रेशनकार्ड सोडलं तर म्हातारीनं आपलं नाव छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती पत्रिका तिनं देवाऱ्यात ठेवली, आणि त्या रात्रीपासून तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सत्काराच्या आधीच्या रविवारी वैदेहीबाई आली ती शेवटच्या चार ओव्या टिपायला. नूतननं मोबाईल धरला. फुलाबाईनं जात्याला घास घातला, खुंटा धरला आणि सूर लावला.

पाण्याखाली गेला गाव, वर राहिला डोंगर,
जावा जावा दोघी आमी, एका जात्याचा संसार.

"अगबाई!" वैदेहीबाई म्हणाली. "आजी, हीच ओवी मी परवा हिर्डोशीला ऐकली. तिथल्या एका म्हातारीला पाठ आहे. म्हणते, गावात एक माहेरवाशीण परत आली होती, विधवा, ती म्हणायची. नाव विचारलं तर तिला काही केल्या आठवेना. गावात कुणालाच आठवेना. तुमची ओवी तिच्यापर्यंत कशी गेली असेल हो?"

फुलाबाईचा फेरा मधेच थांबला. नाव आठवेना? अंबूचं नाव कुणालाच आठवेना?

खुंटा हातात गरम झाला. कोमट नव्हे, चांगला चटका बसेल असा.

धरणात घर गेलं त्या सालची गोष्ट. अंबू तेव्हाही विधवाच, पोरबाळ नाही. नवीन घर लहान. फुलाबाईचा नवरा चिमाजी भावजयीला म्हणाला, "तुझं हितं काय काम? माह्यारी जा." फुलाबाई उंबऱ्यात उभी होती. तोंडाला कुलूप घालून उभी होती, चांडाळीण! एक शब्द बोलली असती तर अंबू राहिली असती. जातं अंबूच्या माहेरचं, तेही तिनं जाऊ दिलं नाही. म्हणाली, "येवडा दगड न्हेनार कशी तू?" अंबू भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, जातं र्‍हाऊ दे तुला. पन ओव्या माज्या हायेत. म्हनशील तवा माजं नाव घे." फुलाबाईनं तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. अंबू हिर्डोशीला निघाली ती पुन्हा आलीच नाही. सहा वर्षांनी तिची खबर आली, आणि तिच्या तेराव्याला फुलाबाई दळायला बसली तर जातं हलकं झालेलं.

तेव्हापासून अंबू रोज सकाळी समोर बसलेली. रागानं, न बोलता, पण बसलेली.

"आजी, बरं वाटत नाही का?" वैदेहीबाईनं विचारलं. "दरदरून घाम आलाय."

फुलाबाईनं देवाऱ्याकडं पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडं.

"बाई, वहीतलं माजं नाव खोडा," ती म्हणाली. "येक बी ओवी माजी न्हाई. समद्या अंबूच्या. अंबूबाई, माजी धाकली जाऊ. हिर्डोशीची ती बाई तीच. म्या तिला घरातनं जाऊ दिलं, तिचं जातं ठिवून घेतलं, आन् तिचं नाव बी गिळलं."

नूतनचा हात खाली आला. "आजी, खोटं बोलत हुतीस व्हय?"

"व्हय." फुलाबाईनं जात्यात मूठभर नाचणी टाकली, आणि मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल एवढ्यानं सूर लावला, "अंबूबाई म्हनती…" आणि खुंटा ओढला.

जातं जागचं हललं नाही.

तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले, दातओठ खाल्ले. दगड तो दगडच. मुठीखालचं लाकूड थंडगार पडलं होतं. फुलाबाईनं खुंट्यावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर. मग जात्यावर डोकं टेकून ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

"गेली गं," ती म्हणाली. "नाव घेतलं आन् गेली. म्हनून तर घेत न्हवते मी. चौदा वर्सं रागानं का व्हईना, म्होरं बसत हुती माज्या."

वैदेहीबाईनं वही पुढं ओढली. तिनं वहीत नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

नूतन उठली. समोरच्या जागेपाशी गेली, बसली नाही. आईचं नख तिला आठवत होतं. "आजी, मी बसू?"

म्हातारीनं डोळे पुसले. "बस. पन पयलं तिचं नाव."

"अंबूबाई म्हनती," नूतन म्हणाली, आणि तिनं घाबरतच खुंटा धरला. दोघींनी जोर लावला. जातं कुरकुरलं, अडलं, अर्धी नाचणी बाहेर सांडली, आणि कसाबसा एक फेरा पुरा झाला.

"लई जड हाय गं, आजी."

"जडच असतं," फुलाबाई म्हणाली. "वड."