वेरूळच्या लाईनची सुनावणी

मेट्रो कुठून न्यायची यावर औरंगपुऱ्यातल्या हॉलात सुनावणी होती, अन् तिथं मी माझ्याच पोराच्या विरोधात बोलायला गेले. सुदर्शन वाळूजला कंपनीत कामाला. त्याला लाईन वाळूजला पाहिजे, मला वेरूळला. आठवडाभर घरात नुसती जुंपली होती.

"आई, वेरूळला रोज कोण जातंय?"

"मी जाईन की!"

माझी थोरली बहीण भागूबाई, आमची अक्का, वेरूळला दिलेली. मी इथं सिडकोत. म्हणायला जवळ, पण माझे गुडघे गेलेत. जीपमध्ये कोंबून घाट चढायचा म्हणजे जीव नकोसा होतो. सुदर्शन म्हणतो, रविवारी नेतो. त्याचा रविवार काय उगवत नाय. फोन करावा तर अक्काला ऐकू येत नाय. मी इकडून बोंबलते, ती "हालो, हालो" करून ठेवून देते. लई आठवण येते हो. तिनं काही करून घालू नये, नुसतं शेजारी बसू द्यावं.

हॉलात ही गर्दी! दुकानदार म्हणे, आमच्या दारात खोदू नका. कुणी तात्यासाहेब म्हणे, स्टेशन पाहिजे पण आमच्या गल्लीत नको. मग बांधावं कुठं, आभाळात? माझी पाळी आली तसा माईक धरला अन् सांगून टाकलं, "साहेब, म्हाताऱ्या माणसाला नीट बसून जाता येईल अशी गाडी वेरूळला न्या. माझी बहीण हाय तिथं."

लोक हसले. सुदर्शननं मान खाली घातली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नाय पाहिजे! आमच्या वेरूळला लाईन नाय पाहिजे! माझं सीताफळाचं रान जातंय!"

मी वळून पाहिलं. वेरूळची माणसं टेम्पो भरून विरोधाला आली होती, अन् सगळ्यांच्या पुढं पदर खोचून उभी आमची अक्का! मी काय मागितलं ते तिला ऐकूच गेलं नव्हतं. माईक तिथंच ठेवला अन् गर्दीतून तिच्याकडं गेले.

"अगं बाई, आशे! किती वाळलीस गं!" तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाय.

लोक भांडत राहिले. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. घरादाराची खबर झाली, रडून झालं. मग तिनं विचारलं, "तू काहून आलीस इथं?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "लाईन मागायला. तुझ्याकडं यायला."

ती म्हणाली, "रान गेलं की पोरं मला पुण्याला नेणार. मग तू गाडीत बसून येशील कुणाकडं?"

पुढं साहेब सांगत होते, आज काही ठरलं नाय, पुढची सुनावणी दिवाळी झाल्यावर. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वेरूळची माणसं उठली, अक्काही उठली. तिचा हात सुटला.

"अक्का!" मी सगळं बळ लावून ओरडले. "तू नकोच म्हणत राहा! मी पाहिजेच म्हणत राहते! दरवेळी ये!"

सगळ्या हॉलानं ऐकलं, तिनंही ऐकलं. दारातून वळून तिनं मान हलवली अन् गेली.

सुदर्शन माझ्या चपला घेऊन आला. साहेब शेजारून चालले होते. त्यांना म्हणलं, "साहेब, ठरवायची घाई करू नका."