पांढरा राहिलेला कोपरा

देशाचं भवितव्य जनता ठरवते, आणि जनतेच्या निर्णयापुढे राजा असो की रंक, सगळ्यांनाच मान तुकवावी लागते. हे वाक्य इतकं थोर आहे, की ते कुणीतरी आधीच म्हणून ठेवलेलं असणार. पण ठरलेलं भवितव्य भिंतीवर चढवायला शिडी लागते, आणि निकालाच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता रंगाऱ्याची शिडी शेजाऱ्याने पडदे लावायला नेली होती.

“एकच पडदा राहिलाय,” शेजारी शिडीवरूनच म्हणाला.

“इकडे सरकार राहिलंय,” रंगारी म्हणाला.

“सरकार कुठं पळून जातंय? माझा सोफा मात्र उन्हानं विटतोय.”

रंगाऱ्याने हात टेकले. तो उंबऱ्यावर बसून राहिला. आधी पडदा लागला, मग लोकशाहीचा नंबर आला.

शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला तेव्हा बायको मागून आली आणि चष्मा त्याच्या खिशात सरकवत म्हणाली, “अहो, एक ऐका. आज ती म्हणेल तोच रंग लावा. स्वतःचं डोकं घरीच ठेवून जा.”

“घरी ठेवलं तर तू आवरून ठेवशील. मग सापडायचं नाही.”

पण विनोद करताना त्याचा आवाज जरा उतरला होता. ‘ती’ म्हणजे त्यांची मुलगी, आणि मुलगी पाच वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती.

चौकात वर्तमानपत्राच्या कचेरीची आडवी भिंत होती, आणि त्या भिंतीवर अख्खा देश काढलेला होता. दोनशे तेरा मतदारसंघ, काळ्या रेघांनी आखलेले, आत सगळा पांढरा चुना. निकाल येईल तसा रंगारी एकेक मतदारसंघ रंगवत जाई. एका पक्षाला पिवळा, दुसऱ्याला जांभळा, आणि कुणाच्याच नसलेल्या अपक्षांना राखाडी. हे काम तो सात निवडणुका करत आला होता, ही आठवी. आताशा सगळ्यांच्या खिशात फोन होते आणि निकाल त्यांना रंगाऱ्याच्या आधी कळत. तरीही माणसं चौकात येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहत. विचारलं तर म्हणत, “फोनवर सगळं दिसतं हो, पण वाळलेलं दिसत नाही.”

कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक मतमोजणी केंद्रावर वर्तमानपत्राचं एक माणूस बसे. मोजणी संपली की ते कचेरीत फोन करी. तळमजल्याच्या खिडकीत फोनवाल्या मावशी बसत. त्या निकाल चिठ्ठीवर लिहीत आणि खिडकीतून वर गेलेल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्याने अडकवत. रंगारी शिडीवरून दोरी ओढी, चिठ्ठी वाची आणि ब्रश बुडवी.

नकाशाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक डोंगरी मतदारसंघ होता. जेमतेम तीन बोटं रुंद. तिथल्या शाळेत मुलगी शिक्षिका होती, आणि तिथून फोन करायचं काम तिच्याकडे होतं. मागच्या निवडणुकीत तिने कळवलं, ‘राखाडी. इथली सुईण निवडून आलीये.’ रंगाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. आजूबाजूचे पाचही मतदारसंघ पिवळेधमक. मध्येच सुईण कशी येईल? पोरीची काहीतरी गफलत झाली असणार, असं म्हणून त्याने बापाच्या मायेने ती चूक दुरुस्त केली आणि कोपरा पिवळा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सुईण वाजतगाजत राजधानीकडे निघाली. जाताना तिने भिंतीचा फोटो पाहिला, आणि मुलीला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. जो तो विचारी, “बाई, तुमच्या वडिलांचासुद्धा तुमच्या मोजण्यावर भरवसा नाही का?” मुलीने बापाला एकच फोन केला. म्हणाली, “बाबा, मी मोजलं होतं. तू नुसतं पाहिलंस.” त्यानंतर तिचे फोन यायचे ते आईला. बापाची तब्येतही ती आईलाच विचारायची, आणि बाप शेजारी बसून आपली तब्येत ऐकायचा.

आज ती पुन्हा केंद्रावर बसली होती. रंगाऱ्याला सरकार कुणाचं येतं याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला फक्त तीन बोटं जागा नीट रंगवायची होती.

नऊ वाजल्यापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. आधी समुद्रकाठचे मतदारसंघ आले. ते दरवेळी घाईत असतात. मग मधली सपाटी आली, एकामागून एक, गालिचा उलगडावा तशी. एक मतदारसंघ झोपलेल्या मांजरासारखा होता. तो जांभळा झाला आणि मांजर जास्तच गाढ झोपल्यासारखं वाटलं. एक होता बुटासारखा. तो गेल्या वेळी जांभळा होता, आज पिवळा झाला. खाली उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “बूट बदलला तरी पाय तोच.” लोक हसले. हसणाऱ्यांत पिवळेही होते आणि जांभळेही, कारण पाय कुणाचा ते म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं.

दुपारी तीनपर्यंत भिंत भरली. पिवळे अठ्ठ्याण्णव. जांभळे अठ्ठ्याण्णव. राखाडी सोळा, आणि राखाडी मंडळींनी आधीच जाहीर केलं होतं, की ज्याचा एक जास्त, त्याच्या पंगतीत आम्ही. राहिला होता एकच मतदारसंघ. वरच्या कोपऱ्यातला, तीन बोटं रुंद.

दोरी हलली. रंगाऱ्याने चिठ्ठी ओढून घेतली. मावशींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘पिवळा नऊ हजार चारशे सात. जांभळा नऊ हजार चारशे सात. पुन्हा मोजतोय. पांढरं ठेवा.’

रंगाऱ्याने चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या खिशात ठेवली आणि ब्रश आडवा केला.

पाच मिनिटांत संपादक बाहेर आले. संपादकांना बाहेर आलेलं लोकांनी सात निवडणुकांत पाहिलं नव्हतं.

“काय झालं? हात का थांबला?”

“बरोबरी आहे. पुन्हा मोजतायत.”

“बरोबरी?” संपादक मान वर करून म्हणाले. “अहो, अशी शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबरी होते का कधी? बाईंची काहीतरी गफलत झाली असणार. आजूबाजूला बघा ना. पाचही पिवळे. फासा पिवळा आणि मोकळे व्हा. पलीकडच्या पेपराने कधीच पिवळं सरकार छापायला घेतलंय.”

रंगाऱ्याला आपलंच पाच वर्षांपूर्वीचं वाक्य खालून वर येताना ऐकू आलं. दुसऱ्याच्या तोंडून ते फारच शहाणपणाचं वाटत होतं.

“पिवळा संपला,” तो म्हणाला.

“तुमच्या पायाशी अर्धी बादली दिसतेय.”

“तो पातळ आहे. ओघळेल. पार खालचा जांभळा मतदारसंघ फुकट पिवळा होईल.”

“पुढच्या वेळी मी पडदा लावणार आहे, पडदा. इलेक्ट्रिकचा. शिडी नाही, चिठ्ठी नाही, कटकट नाही.”

“लावा की. आमच्या शेजाऱ्याला बोलवा, त्याचा हात बसलाय.”

संपादक आत गेले. थोड्या वेळाने पिवळ्या पक्षाचे पुढारी मोटारीतून आले, हार घालूनच. भिंतीखाली उभं राहून त्यांनी भाषणाला सुरुवात केली, “बंधूंनो, आणि भगिनींनो, आज...” आणि सवयीने भिंतीकडे हात केला. कोपरा पांढरा. त्यांनी हात तसाच डोक्यावरून फिरवला आणि केस नीट केले. हार काढला, घडी करता येईना, म्हणून पुन्हा घातला.

ऊन तिरपं झालं. भिंतीवरचा ओला रंग हळूहळू सुकत होता आणि त्याच्या वासाने रंगाऱ्याचे डोळे जड झाले. तो शिडीच्या वरच्या पायरीवर बसला, कमरेचा पट्टा पायरीला अडकवला आणि भिंतीला खांदा टेकवला. नकाशा उन्हाने कोमट झाला होता, एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखा. त्याला वाटलं, भिंत सावकाश श्वास घेतेय.

मग तो नकाशातून चालू लागला. चालताना आश्चर्य वाटलं नाही. स्वतःच रंगवलेल्या जागेत माणूस वाट चुकत नाही. पिवळ्या सपाटीतून गेला तेव्हा गुरांचे खूर पिवळे होते. जांभळ्या गावात बायका दोरीवर जांभळे कपडे वाळत घालत होत्या, आणि त्या दोरीला मावशींचे चिमटे होते. सीमेवरची काळी रेघ त्याने ओलांडली. ती ओल्या चिखलासारखी बुटाला लागली. एका झाडाखाली सोळा राखाडी माणसं रिकाम्या पत्रावळींसमोर ताटकळत बसली होती. “वाढायला कोण येणार?” त्यांनी विचारलं. “अजून मोजतायत,” तो म्हणाला. त्यांनी समजुतीने माना हलवल्या.

पुढे चढ लागला आणि रंग संपले. सगळं पांढरं. झाडं पांढरी, कौलं पांढरी, शाळेची घंटा पांढरी. या गावात तो कधीच आला नव्हता. एवढी वर्षं तीन बोटांनी मोजलेली जागा चालायला इतकी लांब असेल असं त्याला वाटलं नव्हतं. शाळेच्या एका खोलीत लांब टेबलावर कागद पसरले होते आणि पाठमोरी बसलेली मुलगी एकेक कागद उचलून उजेडात धरत होती. लहानपणी खडे मोजायची तशी, ओठ हलवत. त्याने हाक मारली नाही. मोजणाऱ्या माणसाला हाक मारली की आकडा चुकतो, एवढं त्याला आता कळत होतं. तो दारात उभा राहिला. तिथे गार होतं.

दोरीला हिसका बसला. त्याने डोळे उघडले. ऊन उतरलं होतं आणि त्याचा तळहात पांढऱ्या कोपऱ्यावर होता.

“अहो!” मावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. “ती मला निकाल सांगत नाहीये. म्हणते, बाबांनाच द्या फोन.”

“मी वर आहे म्हणावं.”

“तिला माहितीये तुम्ही वर आहात. अख्ख्या देशाला माहितीये.”

मावशींनी फोनचा रिसीव्हर दोन चिमटे लावून दोरीला अडकवला, तारेचं भेंडोळं सोडलं, आणि रिसीव्हर डुलत डुलत वर आला. चौकातल्या सगळ्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या. संपादक पुन्हा बाहेर आले होते. पुढाऱ्यांनी हार हातात घेतला होता.

“बाबा?”

“हं.”

“पांढरं आहे ना अजून?”

“आहे.”

“कुणी पिवळं करायला सांगितलं नाही?”

“सांगितलं की.”

“मग?”

“पिवळा संपला.”

मग ती म्हणाली, “खोटं बोलतोस. तुझा रंग कधी संपत नाही. आई म्हणते तू शेवटची अर्धी बादली घरी आणून ठेवतोस.” आणि ती हसली. रंगाऱ्याने रिसीव्हर कानावर आणखी दाबला, हसणं खाली सांडू नये म्हणून.

“तीनदा मोजलं,” ती म्हणाली. “एक मतपत्रिका दुसरीच्या पाठीला चिकटली होती. उजेडात धरली तेव्हा दिसली. जांभळा. एका मताने.”

“जांभळा,” तो म्हणाला.

“आजूबाजूला सगळं पिवळं आहे ना?”

“असू दे. तू मोजलंयस.”

त्याने रिसीव्हर मानेत धरला, ब्रश बुडवला आणि तीन बोटं जागा जांभळी केली. कडा सांभाळून, सावकाश, कारण हीच जागा त्याने गेल्या वेळी घाईने रंगवली होती. खाली एकदम कल्लोळ उठला. अर्धा चौक नाचू लागला, अर्धा घरी निघाला. सोळा राखाडी माणसं, जिथे असतील तिथून, जांभळ्यांकडे सरकली. पिवळ्या पुढाऱ्यांनी हातातला हार शेजारच्या माणसाच्या गळ्यात घातला. तो नेमका पत्र टाकायला आलेला पोस्टमन निघाला. संपादक आत धावले. कुणीतरी ओरडलं, की इतिहास घडला.

“बाबा, ऐकतोयस ना? ठेवलास का?”

“नाही, बोल.”

“अरे, आमच्या शाळेचा फळा पार पांढरा पडलाय, अक्षर उमटत नाही. पुढच्या आठवड्यात येशील का? येताना काळ्या रंगाचा एक डबा आण. आणि ब्रश तुझाच आण, इथल्याचे केस गळतात.”