मागाला काय म्हणतात

नवीन वर्ग सुरू झाला की पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगत असे, एखादी गोष्ट माहीत नसेल तर हात वर करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गुरुजी, मला माहीत नाही." जो सगळ्यांच्या देखत हे म्हणेल, त्याला त्या दिवशी फळा पुसायला मिळे. खमेर मुलखातल्या ताकेओ प्रांतात, आमच्या गावच्या शाळेत तेहतीस वर्षं मी हे शिकवलं. फळा पुसण्यावरून मुलांच्या मारामाऱ्या व्हायच्या. आता ती मुलं मोठी झाली, काहींची मुलंही माझ्या हाताखालून गेली. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर वाचू दे.

आमच्या गावात येय योन राहतात. येय म्हणजे आजी, आणि त्या सगळ्या गावाच्याच आजी. त्यांचं जुनं घर लाकडी खांबांवर उभं होतं. ताडाच्या पानांचं छप्पर जागोजागी गळत होतं, जिन्याची एक पायरी गेली होती, जमिनीच्या बांबूंमधून खालच्या कोंबड्या दिसायच्या. पण घराखाली सावली असे आणि तळ्यावरचा वारा येई. त्या सावलीत त्यांचा माग होता. आठ हात लांब, त्यांच्या आईच्या आईपासून चालत आलेला. येय रेशमाचा होल, म्हणजे आमचं नक्षीदार कापड, विणायच्या. सुताला आधी गाठी मारायच्या, मग रंगात बुडवायचं, मग गाठी सोडून विणायचं. नक्षी कुठे कागदावर काढलेली नव्हती, ती त्यांच्या डोक्यात होती. शाळा सुटली की निम्मा वर्ग त्या मागाभोवती बसायचा. त्यांची नात कुन्थिया तेव्हा अकरा वर्षांची होती आणि नुकती गाठी मारायला शिकत होती. वर घर गळत होतं, पण खालच्या मागावर कधी पाण्याचा थेंब पडला नाही.

एका जानेवारीत कॅनडाहून चौदा माणसं आली. गरिबांना घरं बांधून देणारी त्यांची एक संस्था होती. दरवर्षी कामधंद्यातून रजा काढून, स्वतःच्या खर्चाने यायचं, बारा दिवसांत एक घर उभं करायचं आणि परत जायचं. गावाने येय योनचं नाव सुचवलं. त्यांच्या म्होरक्या हेलन नावाच्या बाई होत्या. रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, साठीच्या, उन्हाने लालभडक झालेल्या आणि सारख्या हसणाऱ्या. गावात इंग्रजी येणारा मी एकटा. रेडिओ ऐकून आणि एका शब्दकोशावरून शिकलो होतो. त्या शब्दकोशाची मधली पानं वाळवीने खाल्ली होती.

पहिल्या सकाळी हेलनने येयच्या अंगणात चटईवर नकाशा पसरला. पाहुण्यांना वावरायला मोकळी जागा हवी म्हणून येयनी आदल्या दिवशीच माग सुटा करून त्याची लाकडं चिंचेखाली रचून ठेवली होती. अनोळखी माणसाला ते सरपण वाटलं असतं. भोवती सगळं गाव जमलं होतं आणि पुढे माझी मुलं. आपले गुरुजी इंग्रजी बोलतात हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं आजच होतं.

हेलन म्हणाली, "आजींना सांगा, दोन तऱ्हेने बांधता येईल. जमिनीवर विटांच्या दोन खोल्या, नाहीतर खांबांवर एकच खोली. खांबांनाच निम्मं सिमेंट जातं. त्या म्हणतील तसं करू."

मी सांगितलं. येयनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"जमिनीवर बांधलं तर माझा माग कुठे जाईल, ते विचारा त्यांना."

मी तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. भात, विहीर, बैल, ताप, निवडणूक, सगळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं. मागाला काय म्हणतात ते येत नव्हतं.

"काय गुरुजी, बैल बसला वाटतं?" पू रेत म्हणाला. पू म्हणजे काका. हा आमचा गावचा सुतार, माझ्याच वयाचा, त्याच्या रंध्यापेक्षा जिभेला धार जास्त. मुलं खुदखुदली. कुन्थिया तेवढी हसली नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"त्या विचारतात, त्यांचं मशीन कुठे ठेवायचं," मी इंग्रजीत म्हणालो.

"मशीन?" हेलनचा चेहरा उजळला. तिने हवेत चाक फिरवून दाखवलं. "शिवणाचं? आजी शिवणकाम करतात?"

चिंच दहा पावलांवर होती. तिचा हात धरून नेलं असतं, नुसतं बोट दाखवलं असतं, तरी भागलं असतं. मी मान डोलावली.

"मग प्रश्नच नाही! आत, खिडकीपाशी, भरपूर उजेडात. आणि या वयात त्यांना जिन्याची चढउतर तरी कशाला?"

मी येयकडे वळलो. "आत खिडकीपाशी जागा करतो म्हणतात."

"आत?" येय म्हणाल्या. "आत मावेल तो?"

"बांधणारी माणसं आहेत ती, येय. मोजूनच बांधतील."

येय बराच वेळ नकाशाकडे बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मग म्हणाल्या, "चाः."

आमच्या बायका दिवसातून शंभर वेळा चाः म्हणतात. त्याचा अर्थ 'हो' असा होतो, आणि पुष्कळदा नुसता 'ऐकलं' एवढाच होतो. मोठ्या माणसासमोर, पाहुण्यासमोर 'नाही' म्हणायचं नसतं, तेव्हाही चाःच म्हणतात. कुठला चाः कुठला, हे आवाजावरून कळतं. मला कळलं होतं.

"हो म्हणतात," मी हेलनला सांगितलं.

दुपारपर्यंत जुनं घर उतरलं. त्या लोकांइतकं राबताना मी इथल्या मजुरांनाही पाहिलेलं नाही. हातांना फोड आले तरी फडकी बांधून विटा वाहत होते. मुलं त्यांना खमेर आकडे शिकवत होती आणि त्यांचे उच्चार ऐकून लोळत होती. हेलन 'पाच' म्हणायला गेली की दरवेळी काहीतरी वेगळंच निघे.

चौथ्या दिवशी मधली भिंत गुडघ्याएवढी झाली. पू रेत खोलीत शिरला, कोपरापासून बोटांपर्यंतचा हात टेकत टेकत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि उठून माझ्याजवळ आला.

"सात हात भरली. माग आठ हात. उरलेला हात तुमच्या शाळेत ठेवू या का, गुरुजी?"

"दुसरी खोली?"

"तीही तेवढीच. ही मधली भिंत नसती, तर माग झोपला असता पाय पसरून. अजून सिमेंट ओलं आहे, सांगा त्यांना. एका सकाळचं काम."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सायकल काढली आणि तालुक्याच्या मोठ्या शाळेत गेलो. तिथला शब्दकोश अख्खा होता. शब्द मिळाला. लूम. इंग्रजीत चार अक्षरांचा, माझ्या वाळवीने खाल्लेल्या पानांतला. येताना वाटभर मी तो पाठ करत होतो. लूम. भिंत नको. लूम मोठा आहे. माझी चूक झाली. एवढी चार वाक्यं. यांतलं चौथं वाक्य इंग्रजीत सगळ्यांत सोपं होतं.

मी अंगणात सायकल टेकवली तेवढ्यात हेलनने मला पाहिलं. तिने सगळ्यांना काम थांबवायला लावलं. "हे नसते तर आजींच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंच नसतं," ती म्हणाली, आणि सिमेंटने भरलेल्या हातांनी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. काहीजण तर उड्या मारत होते. भिंत आता कंबरेएवढी झाली होती.

"पाणी हवंय का कुणाला?" मी विचारलं.

पाणी देऊन परत आलो तर पू रेत आणि येय चिंचेखाली माझी वाट पाहत होते.

"सांगितलंत?" पू रेतने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"आता बदल होणार नाही म्हणतात."

पू रेत थुंकला. "साहेब लोक. नकाशा म्हणजे यांचा देव." येयनी मागाच्या लाकडांवरचं पोतं नीट केलं.

बाराव्या दिवशी भिक्षूंनी येऊन पाणी शिंपडलं. घर खरंच देखणं झालं होतं, निळ्या दाराचं. खिडकीपाशी टेबल होतं. सगळ्यात शेवटी त्या लोकांनी येयचे डोळे झाकून त्यांना आत नेलं. टेबलावर लाल फीत बांधलेलं कोरं शिवणयंत्र होतं. त्या चौदा जणांनी आपसांत ठरवून ते आणलं होतं. हेलन रडत होती. येयनी हात जोडले, कपाळाला लावले आणि दोनदा म्हणाल्या, "चाः. चाः."

"आवडलं त्यांना," मी म्हणालो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. माग चिंचेखालीच प्लास्टिकच्या कागदात राहिला. पू रेत म्हणाला, पिकं निघाली की मी चार खांब रोवून छप्पर घालतो. मीही म्हणालो, मी मदत करतो. आम्ही दोघंही म्हणतच राहिलो. ऑक्टोबरात तळं भरून गावात शिरलं, ते जवळपास दरवर्षीच शिरतं. जुन्या घरांखालून ते येतं आणि निघून जातं. येयच्या नव्या घरात ते गुडघाभर चढलं आणि नऊ दिवस राहिलं. मागाची लाकडं फुगली, मग वाळताना पिळवटली, मग त्यांना वाळवी लागली. फणीचे बांबूचे दात एकेक करून गळाले. येय काही महिने नुसत्याच बसून सुताला गाठी मारत असत. विणायचं कशावर, म्हणून एक दिवस त्याही थांबल्या. कुन्थिया शिवणयंत्र चालवायला शिकली, आणि चांगलं शिकली. अठराव्या वर्षी राजधानीत, नोम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यात लागली. सणाला येते तेव्हा आजीसाठी तयार झगा आणते.

सात वर्षांनी हेलन पुन्हा आली. एकटीच, काठी टेकत. आम्ही तिघं खिडकीपाशी बसलो. यंत्रावर कुन्थियाने भरतकाम केलेला कपडा झाकलेला होता.

"आजींना विचारा," हेलन म्हणाली, "खूश आहेत ना या घरात?"

मी विचारलं. येयनी खिडकीतून बाहेर चिंचेकडे पाहिलं. त्यांचे डोळे आता पांढुरके झाले होते, त्यांना झाडाचा आकार तेवढा दिसत असेल.

"चाः," त्या म्हणाल्या.

"हो म्हणाल्या!" हेलन हसली. हा शब्द ती विसरली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "ऐकलं म्हणाल्या."

मग मी तिला सगळं सांगितलं. शब्द तोंडात तयार होता, सात वर्षं तयार होता. तिला नीट कळेना, तेव्हा मी वहीत माग काढून दाखवला, खोली काढून दाखवली. तिने पेन्सिल घेतली आणि मधल्या भिंतीवर एक रेघ मारली.

"त्या दिवशी सांगितलं असतं, तर मीच त्या विटा काढल्या असत्या," ती म्हणाली. "मी म्हणाले होते ना, त्या म्हणतील तसं."

"काय म्हणते ती?" येयनी विचारलं.

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. एकही गाळला नाही.

येय म्हणाल्या, "म्हणजे बदलणार नाही असं ती म्हणालीच नव्हती?"

"नाही. मी तिला विचारलंच नव्हतं."

"सात वर्षं मी हिच्या नावाने बोटं मोडली."

त्या उठल्या, हेलनचा हात चाचपून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग परसातून नारळ आणला, कोयत्याने त्याचं तोंड उडवलं आणि हेलनच्या हातात दिला. माझ्यापुढे एरवी माझ्या बसण्याआधीच नारळ यायचा. आज आला नाही. त्या कोयता पुसत बसल्या.

"येय," मी म्हणालो, "चूक माझी होती. मला माफ करा."

कोयता पुसून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"चाः," त्या म्हणाल्या.

हेलनने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिने अर्थ सांगितला नाही.