न दुखणारी बाजू

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माझी सगळी नोकरी आतल्या बाजूला झाली. मी एक जुने इम्प्लांट आहे. सिलिकॉनची घुमटासारखी पारदर्शक पिशवी आणि तिच्या पोटात घट्टसर जेल, एवढाच माझा संसार. आजारामुळे एखाद्या बाईचा स्तन काढून टाकावा लागला, तर तिच्या छातीत कातडीखाली मला बसवतात. मी फक्त गेलेल्याची जागा भरून काढते.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. पातळ सिलिकॉनमध्ये साचा बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. असे थरावर थर चढून माझे कवच तयार झाले. मग आत जेल भरले, भोक बंद केले आणि मला भट्टीत तापवले. तोंड झाकलेल्या एका कामगार बाईने मला दिव्यासमोर धरले आणि शेजारणीला म्हणाली, "एक बुडबुडा नाही बघ यात. कुणाच्या वाट्याला जाणार आहे कोण जाणे!"

मी मास्तरबाईंच्या वाट्याला आले. मास्तरबाई म्हणजे शिंपीणबाई, बायकांचे कपडे शिवत. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने लेकीला वाढवले होते आणि धाकट्या बहिणीला सोबत घेऊन दुकान चालवले होते. आजारानंतर त्या डाव्या बाजूला कापसाची गुंडाळी शिवून कपडे घालत. शिवण इतकी बेमालूम की गिऱ्हाइकांना कळत नसे. पण कापड कापायला वाकल्या की गुंडाळी सरके आणि त्या दचकून सरळ होत. मी आले तसे ते दचकणे थांबले. जखम भरल्यावर त्यांनी आरशापुढे उभे राहून टेपने स्वतःचीच मापे घेतली.

"काय गं ताई, कधी देणार म्हणून सांगू या गिऱ्हाइकाला?" बहिणीने विचारले.

मास्तरबाई हसल्या. त्या हसल्या की मीही हलत असे. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते.

एक गोष्ट मात्र शिकून घ्यावी लागली. दोरा ओवलेली सुई डाव्या छातीवर कपड्यात खोचून ठेवायची, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. टेबलावर सुई हरवते, अंगावर हरवत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "इथली कातडी आता बधिर आहे. टोचलं तरी तुम्हाला कळायचं नाही." तेव्हापासून सुई मनगटावरच्या छोट्या उशीत गेली. मास्तरबाईंनी ते मनापासून पाळले.

मग लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तिच्या नव्या कोटाची कड उसवलेली निघाली. गाडी दारात उभी, चालक हॉर्न वाजवतोय आणि मास्तरबाई उभ्या-उभ्याच टाके घालताहेत.

"आई, राहू दे ना! तिथे कोण बघतंय माझी कड?"

"आईनं शिवलाय म्हणून सांगशील ना? मग माझी लाज जाते."

शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि घाईत हात आपसूक जुन्या जागी गेला. सुई छातीवर खोचली गेली. त्याच क्षणी लेक गळ्यात पडली. दोघींनी एकमेकींना असे काही आवळले की सुई कापडातून, कातडीतून थेट माझ्यात शिरली. मास्तरबाई रडत होत्या. पण त्या रडण्यात सुईचा वाटा नव्हता. त्यांना काही जाणवलेच नाही.

कपडे बदलताना त्यांना ती रुतलेली सुई दिसली. त्यांनी ती ओढून काढली आणि रक्ताच्या थेंबावर बोळा दाबला. दुखत काहीच नव्हते. मग कुणाला कशाला सांगायचे?

मित्रांनो, माझ्यासारखे जेलचे इम्प्लांट फुटले तर गप्प राहते. ते फुग्यासारखे बसत नाही. जेल हळूहळू झिरपते आणि वरून सगळे जसेच्या तसे दिसते. तपासणीची वेळ येई, बहीण आठवण करी आणि मास्तरबाई म्हणत, "दुखत नाही तर उगाच कशाला?" अशी काही वर्षे गेली. मी आतून रिती होत गेले. माझ्याभोवतीची जागा कडक झाली, काखेजवळ एक गाठ आली. शेवटी मापाचा कपडा डावीकडे ओढू लागला, तेव्हा त्यांच्यातल्या शिंपिणीला शंका आली.

तपासणीच्या खोलीबाहेर दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. आजार परतला नव्हता. "पण हे फुटलंय, आणि आजकालचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढावं लागेल. या वेळी दुसऱ्या प्रकारचं घालू, मिठाच्या पाण्याचं. हाताला थोडं वेगळं लागेल, कडेला सुरकुती जाणवेल. पण गळलं तर थोड्याच दिवसांत सपाट होतं, आणि ते पाणी शरीरात जिरून जातं."

"म्हणजे ते सांगतं तरी," मास्तरबाई हळूच म्हणाल्या. घरी जाताना त्यांनी बहिणीला सुईची गोष्ट सांगितली आणि वर बजावले, "पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये."

मला काढले. माझ्या जागी घडी घातलेली रिकामी पिशवी गेली आणि आत गेल्यावर तिच्यात पाणी भरले. मास्तरबाईंनी मागून घेतले म्हणून मला एका बरणीत घालून घरी पाठवले. लेक रजा काढून आईची सेवा करायला आली होती. तिने बरणी उजेडात धरली.

"आई, याला भोक कसलं गं?"

"कात्री लागली असेल कधीतरी."

"कात्री म्हणे!" भाजी चिरता चिरता मावशी फणकारली. "छातीवर सुई खोचून लेकीला कवटाळतं का कुणी? गाडी दारात थांबली होती त्या दिवशी..." आणि तिने जीभ चावली.

लेकीने बरणी खाली ठेवली. त्या दिवसापासून ती आईच्या केसांना तेल लावी, औषध देई, पांघरूण घाली, आणि प्रत्येक वेळी हातभर अंतर राखून.

निघायचा दिवस आला. मास्तरबाईंनी मनगटावरची उशी काढली, गळ्यातला टेप काढला, ओचे-पदर चाचपून पाहिले आणि दोन्ही हात पसरले.

"ये गं. डॉक्टरांनी परवानगी दिलीये."

लेकीने प्रवासाची पिशवी छातीशी धरली. आईची बोटे फक्त दाबली. "नको, आई. पुढच्या वेळी. जप हं स्वतःला."

गाडी वळेपर्यंत मास्तरबाईंचे हात तसेच होते. मग त्यांनी ते सावकाश खाली घेतले.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या शरीराची न दुखणारी बाजूसुद्धा वेळेवर तपासायला लावा. दुखत नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरून चालू नका. आणि ज्यांना जपायचे, त्यांच्यापासून लांब उभे राहू नका. आम्हाला मिठ्या सोसण्यासाठीच घडवलेले असते. ती लेक तुम्हाला कुठे भेटली, तर तिला एवढे सांगा. तिच्याशी बोलायला मला तोंड नाही, आणि तिची आई पुन्हा मिठी कधीच मागणार नाही.