खांबाले सांगते

साठीला टेकल्यावर मी लिहायला शिकले, त्यामुळं एकदा हातात टाक आला की मला थांबवत नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल उठून जावं.

मी केसरबाई, बोरगावच्या रघुनाथरावांची थोरली बहीण. गावाला ते रघुनाथराव, मला रघू. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. तेव्हापासून या घरात माझं फक्त तोंड चालतं, बाकी सगळं रघूचं चालतं. कापसाची शेती, संत्र्याचा बगिचा, दाराशी चार जोड्या बैल. त्याला येत नव्हतं ते एकच, वाचणं. सही तेवढी तो करायचा, पण ती लिहायचा नाही. रांगोळी काढावी तशी काढायचा, आणि मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

स्वातंत्र्य आलं आणि दोन-तीन वर्षांत सरकारनं ठरवलं की म्हाताऱ्यांनीही शिकायचं. शिकवणाऱ्याला पगार नाही, नुसतं पुण्य. असल्या कामाला पुढं कोण येणार? रघूची सून उर्मिला आली. पांढुर्ण्याची पोरगी, सातवी पास. रघूनं ओसरी दिली, कारण ओसरी दिली की वर्गाचं अध्यक्षपद घरात राहतं. पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ म्हातारे-म्हाताऱ्या पाट्या घेऊन बसलो. रघूच्या शेतावर सालानं राबणारा सालदार गुणवंता तर पाटीला हळद-कुंकू लावून आला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी रघू ओसरीवर आला. म्हणाला, कंदिलात तेल आहे का पाहायला आलो. दुसऱ्या दिवशी वात पाहायला आला. त्यानंतर तो मधल्या खांबाच्या मागं टेकून बसायला लागला, आणि एके दिवशी धोतराच्या सोग्याखाली पाटी दिसली. आम्ही सगळे मुकाट्यानं बाराखडी गिरवत राहिलो. मालकाला काय विचारणार?

पंचाईत झाली उर्मिलाची. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बसत नाही, त्याच्याशी बोलत नाही, आणि त्याचं नाव तर मेली तरी घेत नाही. मग शिकवायचं कसं? पोरीनं पदर कपाळापर्यंत ओढला, खांबाकडं तोंड केलं आणि म्हणाली, "खांबाले सांगते, काना असा उभा काढा."

तेव्हापासून आमच्या वर्गात खांब शिकायला लागला. रघू पाटी खांबाच्या पायथ्याशी ठेवायचा, उर्मिला चुका दुरुस्त करून पुन्हा तिथंच ठेवायची. "खांबाले सांगते, वेलांटी उलटी झाली." "खांबाले सांगते, काल अभ्यास केला नाई वाटते." खांबामागून खोकला यायचा. गुणवंता मला हळूच म्हणायचा, "बाई, खांब लय हुशार निंगाला."

पण एक राहूनच गेलं. बाकीच्यांना ती उठवून मोठ्यानं वाचायला लावायची. खांबाला कसं उठवणार? सहा वर्षं झाली तरी रघूचं वाचन कोणी ऐकलं नव्हतं, आणि गावात कोणी विचारलं तर तो अजून तेलच पाहायला जात होता.

मग छप्पन साल आलं. कोणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आमची संत्री, आमच्या पोरींची सासरं, आमचे डॉक्टर, सगळं असलेलं नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं. आम्ही मराठी बोलणारे इकडं नव्या मध्य प्रदेशात राहिलो. आम्हाला कोणी विचारलं नाही. त्या रागात मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही, घरातल्यांना बरं वाटलं म्हणे. नवं राज्य आलं तसा छिंदवाड्याला नवा साहेब आला, आणि बिनपगारी शिकवणाऱ्यांचा सत्कार करायचं त्याच्या मनात आलं. जानेवारीत बोरगावच्या शाळेपुढं मांडव घालायचं ठरलं.

मी उर्मिलाला विचारलं, "काय पाहिजे व तुले? लुगडं पाहिजे का शाल?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "आत्याबाई, मले शाल-नारळ काहीच नाई पाहिजे. मामाजींनी एकदा चारचौघांत म्हनाव का ते माह्या वर्गात शिकले. सहा वर्षं शिकवून राहिली मी, अन् अजून ते तेलच पाहून राहिले." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुराचं नव्हतं, चूल चांगली पेटलेली होती.

मी तशीच उठून गोठ्यात गेले. "रघू, सुनेचं मानपत्र तू वाच."

"वाचीन. अध्यक्ष हाओ न मी."

"अध्यक्ष म्हनून नाई. विद्यार्थी म्हनून."

"बाई, वय झालं तुह्यं, घरात जाऊन बस," म्हणाला. पण मी बहीण कोणाची? शाळेचे प्रभाकर मास्तर मानपत्र लिहीत होते. त्यांच्याकडं जाऊन मी शेवटी 'आपले विद्यार्थी' असं लिहून घेतलं, त्याखाली सगळ्यांची नावं घातली, आणि सगळ्यांत शेवटी रघुनाथराव. कागद रघूच्या हातात दिला. त्यानं ते नाव पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बैलांना वैरण टाकायला गेला. वैरण आधीच टाकलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोठ्यातून आवाज यायला लागला. रघू बैलांना मानपत्र वाचून दाखवत होता. मास्तरांनी शब्द असे निवडले होते की बैलांनीही खाणं थांबवलं असेल. आपल्याला खरोखर वाचता येतं की नाही, हे त्यालाही अजून नक्की ठाऊक नव्हतं.

सत्काराच्या दिवशी पहिला वाद खुर्चीचा. सून खुर्चीवर आणि सासरा समोर उभा, हे जमायचं कसं? सगळ्यांनी डोकं खाजवलं आणि शेवटी खुर्चीच फिरवली. उर्मिला मंचावर लोकांकडं आणि सासऱ्याकडं पाठ करून बसली.

साहेब गोंधळले. "बहनजी उधर क्यों देख रही हैं?"

"रिवाज है, साब," प्रभाकर मास्तर म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. नव्या राज्यात आल्यावर इतकं तर चालायचंच.

रघू उभा राहिला. घसा साफ केला. "सौभाग्यवती उर्मिलाबाई यांस..." शब्द एकेक करून येत होते. गुणवंतानं माझा दंड घट्ट धरला. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. मग रघू थांबला. "ज्ञानाची ज्योत... प्र... प्र..."

आम्हाला सगळ्यांना तो शब्द येत होता, पण मालकाला सांगणार कोण? अडलेल्याला सांगायचं काम एकाच माणसाचं. उर्मिलानं पदराआडून इकडंतिकडं पाहिलं. इथं खांब कुठला? मांडवाचे बांबू चार कोपऱ्यांत, लांब. तिच्याजवळ उभं असं एकच होतं, शाल घेऊन ताटकळलेले साहेब.

"साहेबाले सांगते," ती म्हणाली, "प्रज्वलित."

साहेब दचकले. "जी? जी हाँ, प्रज्वलित."

"प्रज्वलित केली," रघूनं वाचलं.

पुढं 'निःस्वार्थ' आला. साहेबांना सांगितलं. 'कृतज्ञता' आली, तीही साहेबांना सांगितली. तिसऱ्या वेळी साहेब जरा घुश्शातच मास्तरांना म्हणाले, "भाई, मुझे पढ़ना आता है." आमची म्हातारी मंडळी पदरात आणि उपरण्यात तोंड खुपसून हसत होती. मी तर सरळच हसले.

शेवटी रघू नावांपर्यंत आला. "आपले विद्यार्थी. केसरबाई. गुणवंता..." एकेक नाव नीट वाचलं. शेवटून दुसरं नाव वाचलं, आणि कागदाची घडी घातली. टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी शाल उघडली.

मेल्यानं गिळलंच होतं शेवटचं नाव.

"थांबा," असा आवाज आला. उर्मिला खुर्चीवरून उठली होती. साहेबांना वाटलं आता आपल्याला काहीतरी सांगणार, म्हणून ते सावरून उभे राहिले. पण तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती वळली, पदर कपाळावर तसाच, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सरळ सासऱ्याकडं तोंड करून बोलली.

"मामाजी, एक नाव राह्यलं. मले ते घेता येत नाई. तुमीच वाचा."

टाळ्या थांबल्या. रघूचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता हा मांडव उलथवतो. इतकी वर्षं या माणसाला तोंडावर कोणी चूक दाखवली नव्हती, मीसुद्धा नाही. मी नुसती भांडत आले. त्यानं घडी उलगडली. कागद डोळ्यांजवळ नेला, जणू काही ते नाव त्याला ओळखीचंच नाही. बोट ठेवलं, लहान पोरं ठेवतात तसं.

"र... घु... नाथ... राव," त्यानं वाचलं. मग बोट नावांच्या वरच्या ओळीवर नेलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "आपले विद्यार्थी, रघुनाथराव."

"आता बरोबर," उर्मिला म्हणाली.

मी रडले. का रडू नये? साहेब उर्मिलाला शाल घालायला पुढं झाले, पण रघू तिथं थांबला नाही. कागद सुनेच्या खुर्चीवर ठेवून तो मंचावरून उतरला, आणि सतरंजीवर गुणवंताला जरा सरकायला सांगून आमच्या रांगेत बसला.