भोवऱ्यापासचा भांग

"हलू नकोस गं, भांग वाकडा जातोय," धाकटी म्हणाली.

"वाकडा तर वाकडा. मला कोण बघायला येणारे?"

ताई खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. औषधांनी गेलेले केस आता बोटभर उगवले होते. आज पहिल्यांदाच त्यांना कंगवा लागत होता.

धाकटी कॉलेजात गणित शिकवायची. ताई तिला टिंबू म्हणायची, कारण हिनं सगळं आयुष्य एका टिंबामागे घालवलं. ते टिंब म्हणजे काय, हे धाकटीनं एकदा ताईच्याच डोक्यावर दाखवलं होतं. केस सगळीकडे कुठल्यातरी दिशेनं पडतात, भोवऱ्यापाशी मात्र दिशाच उरत नाही. गणितातल्या वाहत्या रेषांनाही असे भोवरे असतात. त्यांतून जाणारे वक्र, म्हणजे वाकड्या रेषा, किती, एवढंच ती मोजत आली होती. दोन भोवरे असलेल्याची दोन लग्नं होतात, ते तुमच्या गणितात बसतं का, असं ताईनं त्यावर विचारलं होतं.

पुढच्या महिन्यात धाकटी निवृत्त होणार होती. बऱ्याच वर्षांच्या कामाचा शोधनिबंध गणिताच्या एका नियतकालिकानं अखेर स्वीकारला होता आणि शेवटची प्रत तपासून आज परत पाठवायची होती. पण त्यातलं एक वाक्य तिला आठवडाभर टोचत होतं: अशा बिंदूतून मोजकेच वक्र जातात. सगळं सूत्र त्या 'मोजकेच'वर उभं होतं. तपासणाऱ्यांना त्यात काही खटकलं नव्हतं.

तिनं पुन्हा भोवऱ्यापासून कंगव्याचं टोक ओढलं. पूर्वी ताईचा भांग ठरल्या जागीच पडायचा, पायवाटेसारखा. आता केस कंगवा नेईल तिथे दुभंगत होते.

"इथून पाडू की इथून?"

"कुठूनही पाड. सगळीकडून पडतोय मेला."

कंगवा थांबला. ज्यांतून सगळीकडून वक्र जातात असेही बिंदू असतात, हे धाकटीला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होतं. त्यांना तिनं पहिल्याच पानावर वगळलं होतं. पण गुंतलेला बिंदू उकलला, म्हणजे मोठा करून आत पाहिलं, की नवे बिंदू निघतात. त्यांतला एखादा तसा निघाला, तर?

औषधाच्या रिकाम्या खोक्यावर तिनं एक उदाहरण मांडलं. पहिल्या उकलीत काही नव्हतं. दुसऱ्या उकलीत तसा बिंदू निघाला.

ताईनं मान न वळवता विचारलं, काय झालं.

"निबंध चुकलाय."

"कुणाला कळलंय?"

"मला."

"मग कळव त्यांना. आणि लवकर ये, माझं अर्धं डोकं तसंच राहिलंय."

धाकटी आत गेली. निबंध मागे घेत आहे, चूक माझी आहे, असं संपादकांना लिहून तिनं पाठवून दिलं. मग हात धुऊन परत आली आणि उरलेले केस विंचरले.

"आला सरळ?"

"नाही."

ताईनं कपाळापासून भांगावर बोट ठेवलं, हळूहळू मागे नेलं, आणि भोवऱ्यापाशी आल्यावर तिथंच राहू दिलं.