साठ अंड्यांची खुडूक बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. दीडशे अँपिअरची, पन्नास किलोंची, अंगानं चौकोनी. मला पंख नाहीत, चोच तर नाहीच नाही. तरी माझ्या नावावर सत्तेचाळीस पिल्लं आहेत. हसू नका, गल्लीत कुणालाही विचारा.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, वरून तेजाब ओतलं आणि झाकण लावून मला जगात सोडून दिलं. मुरुम गावच्या बाजारात महालिंगप्पांच्या दुकानात मी चार महिने नुसती बसून होते. महालिंगप्पा माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. त्यांच्या गप्पा संपेपर्यंत चहा गार व्हायचा आणि मला वाटायचं, आपला जन्म बहुतेक टेबलाचाच.

मग हर्षाली आली. तिनं माझ्यावरची तारीख वाचली, टोकं तपासली आणि इतके प्रश्न विचारले की महालिंगप्पांनी शेवटी तिच्यासाठीही चहा मागवला. मोटरसायकलवर पुढं तिचा नवरा योगीराज, मागं ती आणि मधे मी! नवराबायकोला एकमेकांशी बोलायचं तर माझ्यावरून वाकावं लागत होतं. रस्ताभर मी मनातल्या मनात हसत होते.

हर्षालीनं आयटीआयमध्ये वायरमनचं शिक्षण घेतलंय. पत्र्याच्या छपरावर अँगल ठोकून तिनं दोन पॅनेल बसवले, भिंतीवर कंट्रोलर आणि इन्व्हर्टर लावला आणि खाली लाकडी फळीवर मला बसवलं. योगीराजनं शिडी धरली आणि भरपूर सल्ले दिले. त्यातला एकही वापरला गेला नाही. वायर जोडल्याबरोबर कंट्रोलरवर हिरवा दिवा लागला आणि माझ्या अंगात पहिल्यांदा ऊन शिरलं. काय सांगू, गुदगुल्याच झाल्या!

हा सगळा खटाटोप एका थर्माकोलच्या पेटीसाठी होता. अंडी उबवायची पेटी. आत बल्ब, छोटा पंखा आणि साठ गावरान अंडी. गल्लीतल्या बायका अंडी आणून द्यायच्या, पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी हर्षालीची. पण मी यायच्या आधी, पहिल्या खेपेला ऐन वेळी दिवसभर लाइट गेली आणि साठच्या साठ अंडी नासली. शेजारच्या सिताबाईनं तोंडावर काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून ती ओट्यावर बसायला आली नाही. हर्षालीला तेच जास्त लागलं. या खेपेला बायकांनी अंडी दिली ती केवळ माझ्या भरवशावर. ‘आता नाही जमलं तर पेटी मोडून टाकते,’ असं तिनं योगीराजला सांगितलं, तेव्हा मी तिथंच होते. मी ठरवलं, आता आपण खुडूक बसायचं.

सासूबाईंना, म्हणजे धुरपदाबाईंना, हे थेर वाटत होतं. कोंबडीचं काम कोंबडीनंच करावं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी ऐकून घ्यायची. खुडूक कोंबडीनं वाद घालायचा नसतो.

अठरा दिवस झकास गेले. दिवसा ऊन खायचं आणि रात्री ऊब द्यायची. मग वादळात खांब पडले आणि गावची लाइट गेली. मी छाती फुगवून म्हटलं, जाऊ दे, आपण आहोत ना! पण दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी माझ्या पोटात उन्हाचा कण नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी उपाशी. दोन वाजता इन्व्हर्टर कोकलायला लागला. हर्षाली पिल्लांचं खाद्य आणायला मुरुमला गेली होती, योगीराज शेरडांमागं माळावर. घरात फक्त धुरपदाबाई.

त्यांनी घाबरून सुनेला फोन लावला. हर्षालीनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, “आत्या, पॅनेलवर कशाची सावली पडलीय का, बघता का?”

धुरपदाबाईंनी अंगणात जाऊन छपराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “सावली न्हाय, माय. लुगडं हाय. सकाळी कुरडया घातल्यात म्या त्याच्यावर.”

घ्या! उतरतं, उंच, तापलेलं, शेरडांचं तोंड न पोचणारं ठिकाण. वाळवणाला याहून चांगली जागा सापडली असती का? चार कोपरे बांधून दोन्ही पॅनेल त्यांनी जुन्या लुगड्यानं झाकले होते आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया मांडल्या होत्या. लेकीच्या घरी पाठवायच्या म्हणून तीन दिवस गहू भिजवून केलेल्या.

फोनवर हर्षाली रागावली नाही. “आत्या, उचला म्हणत न्हाय मी. ओल्या कुरडया उचलल्या की गोळा होतो, मला म्हायताय. पण अंड्यात जीव धरलाय.” एवढंच बोलली.

धुरपदाबाईंनी पेटीला कान लावला. आतून बारीक टकटक येत होती. एक अंडं आतून चोच मारत होतं! म्हातारी तशीच शिडीवर चढली. गाठी सुटेनात तर दातांनी सोडल्या. लुगडं ओढताना कुरडयांचा एकच लगदा झाला. त्याच्याकडं न बघता त्यांनी पदरानं दोन्ही काचा लख्ख पुसल्या आणि खाली येऊन पेटीला दोन वाकळा लपेटल्या. वर स्वतः मिठी मारून बसल्या. आणि मग आलं, आलं माझं ऊन! वायरीतून सळसळत पोटात उतरलं. इन्व्हर्टरची कोकल थांबली. मी आनंदानं अक्षरशः खदखदत होते.

हर्षाली धावतपळत आली तेव्हा सासू पेटीला कवटाळून बसलेली.

“कोंबडीच झाले की गं मी,” धुरपदाबाई म्हणाल्या. हर्षाली हसता हसता रडायला लागली.

एकविसाव्या दिवशी पेटीत चिवचिवाटाचा कल्लोळ! साठपैकी सत्तेचाळीस पिल्लं निघाली. हर्षाली वाटे करायला बसली, तेवढ्यात धुरपदाबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. वाटे न्यायला जमलेल्या साऱ्या बायकांसमोर त्यांनी सांगितलं, “तेरा गेली, त्यात सुनेची चूक न्हाय. माझ्या कुरडयांनी नेली. पुढच्या खेपेला अंडी आणताना माझ्या तोंडाकडं बघू नका, तिच्या हाताकडं बघा.”

मग सिताबाई ओट्यावर येऊन टेकली आणि तिनं पाणी मागितलं.

सध्या माझं बरं चाललंय. महिन्यातून एकदा धुरपदाबाई माझी बुचं उघडून बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी पाजतात, आणि ‘पी बाई, बाळंतीण हाईस’ म्हणतात. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर तिलाही वेळेवर पाणी द्या आणि तिच्या वाटचं ऊन अडवू नका. एवढंच मागणं. आता मला सोडा. काल नवी साठ अंडी आत गेलीत, त्यातली वीस सिताबाईची. मला बसू द्या.